इनासचा अंगठा आणि पंचवीस मिलिमीटर

"मॅडम, तुमचा रिपोर्ट खोटा की माझे डोळे?"

सर्जन सरांनी फोनवर हॅलोसुद्धा म्हटलं नाही. मालवणच्या एका छोट्या हॉस्पिटलची लॅब मी सांभाळते. रिपोर्ट होता देवबागच्या इनासचा. जाळ्यातून शेंगटी सोडवताना त्या माशाचा काटा उजव्या अंगठ्यात घुसला आणि पू झाला. त्या पुवातले जंतू मीच थाळीत वाढवले होते. मग सेन्सिटिव्हिटी केली. म्हणजे जंतू थाळीभर पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत. त्या रिकाम्या गोलाला आम्ही झोन म्हणतो. सरांनी दिलेल्या कॅप्सूलचा झोन पंचवीस मिलिमीटर आला होता. एकदम झकास.

आणि पाच दिवसांनी अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"परवापर्यंत उतार नाही पडला तर वरचं पेर काढावं लागेल. टेस्ट पुन्हा करा."

मी चिडले. पण मनात आलं, अंगठ्याशिवाय हा माणूस जाळं ओढणार कसं?

नवीन सँपल आलं. स्लाइडवर जांभळ्या जंतूंचे घोसच्या घोस दिसले. दुसऱ्या दिवशी थाळी उघडली, तर कोरी! बरं, थाळी खराब म्हणावी तर शेजारीच लावलेला आमचा ओळखीचा जंतू मस्त उगवला होता. तो आम्ही अशा पडताळणीसाठीच जपून ठेवतो. माझं डोकंच चालेना. आधी औषध थाळीत चालत होतं आणि माणसात नाही. आता जंतू डोळ्यांना दिसत होते आणि वाढत नव्हते. वीस वर्षं हेच काम करतेय, पण त्या सकाळी मला काहीच येत नाही असं वाटलं.

शेवटी पू टिपायचा नवा स्वॅब घेऊन मी स्वतःच ड्रेसिंग रूममध्ये गेले. इनास आईबरोबर आला होता. सिस्टरने पट्टी सोडली. जखमेत पांढरा थर बसला होता.

"ही पावडर कोणाची?"

"माझी नाही," सिस्टर म्हणाली.

"मी घालतंय," इनासची आई रोझीबाय ताठ मानेने म्हणाली. "कॅप्सूल खाल्ली काय तेच्या पोटात आग पडता. लागलाहा अंगठ्याक, मगे औषध पोटात कित्याक?"

"इनास, पहिली सोडून एकही गिळली नाहीस?"

"नाय मॅडम. आवय कॅप्सूल फोडता नि पावडर लायता."

हसावं की ओरडावं तेच कळेना. ती पावडर वरवरचे जंतू मारत होती. मेलेले स्लाइडवर दिसतात, थाळीत उगवत नाहीत. उरलेसुरले स्वॅबवर आलेल्या पावडरीने मारले. आतला पू मात्र मजेत वाढत होता.

मी सरांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि त्याच दुपारी चीर देऊन पू काढला. त्याच जातीचं औषध शिरेतून सुरू केलं. नंतर कॅप्सूल, त्याही पेज खाल्ल्यावर आणि सिस्टरसमोर. नख गेलं, अंगठा राहिला.

थाळी फक्त औषध चालतं का ते सांगते. ते गेलं कुठे, हे माणसालाच विचारावं लागतं. म्हणून आता स्वॅब घेण्याआधी मी विचारते, जखमेवर घरून काय लावलंत? गेल्या महिन्यात एकाने टूथपेस्ट सांगितली. रोझीबायचं औषध तरी बरोबर होतं.