नऊ ओसऱ्यांचा चहा

हदगावकडच्या त्या गावात घरोघरी दिवा लावला तो व्यंकटीमामांनी. बत्तीस वर्षं लाइनमन. भर पावसात खांबावर चढून गाणं म्हणणारा हा गडी सुई बघितली की मात्र लटलट कापायचा. म्हणून दवाखान्यातल्या धम्मप्रिया मॅडम जेव्हा म्हणाल्या, "मामा, रोज चाला. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर रोजची सुई लागेल," तेव्हा मामांना बसल्या जागी घाम फुटला.

मामा चालू लागले. एक दिवस चुकवला नाही. महिन्यानं तपासलं तर साखर उतरायची सोडून वरच चढलेली!

"खरं सांगा मामा, चालता का?"

"आईची आन, मॅडम. मारुतीच्या देवळापस्तोर जाऊन येतो."

"वाटेत काय करता?"

"काय न्हाई. लोक हाका मारतेत, च्या घेतो."

"किती?"

मामांनी बोटं मोजायला घेतली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. नवव्या बोटाला थांबले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, केवळाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमनी साखरेचा चहा बंद केला. आता करावं काय? ज्याच्या घरात मामांनी उजेड आणला, तो त्यांना दारावरून तसंच जाऊ देईल? फिका मागितला तर वाटेवरच्या पहिल्याच घरचा संगमेश्वर उलट चमचाभर जास्तच घालायचा. "पाव्हण्याला फिका पाजला तर घराची अब्रू काय ऱ्हायली, मामा?"

मग मामा गाव टाळून शेतातल्या पांदीनं एकटेच जाऊ लागले. चहा सुटला, पण बोलणंही सुटलं. आठ दिवसांत जेवण जाईना, झोप लागेना, मांजरावरसुद्धा खेकसायला लागले.

केवळाबाई म्हणाल्या, "मॅडमनी च्या सोडा म्हणलं, माणसं सोडा म्हणलं का? तुम्ही कशाला आत जाता? त्यांनाच भाईर काढा की!"

दुसऱ्या दिवशी मामांनी संगमेश्वराच्या ओसरीसमोर उभं राहून लाइनमन असतानाची जुनी आरोळी ठोकली, "लाइन चालू करून राहिलोऽऽ! ये भाईर!"

संगमेश्वर टॉवेल गुंडाळूनच पळत आला. "काय झालं मामा? बसा, च्या..."

"च्या माझ्या घरी. चल आधी!"

असे नऊ घरांतून नऊ जण निघाले. कुणाचं सोयाबीन, कुणाची सोयरीक, कुणाची टिंगल करत देवळाला वळसा घालून सगळे मामांच्या ओसरीवर टेकले. केवळाबाईंनी कप पुढे केले. पहिल्या घोटालाच नऊ तोंडं वाकडी! पण बोलतो कोण? पाहुण्यानं घरच्या चहाला नावं ठेवायची नसतात.

दोन महिने हेच चाललं. मग मॅडमनी कागद बघितला अन् हसल्या. "गोळ्या चालू ठेवा. सुई नको." मामा खुर्चीतून असे उठले, जणू आत्ताच खांब चढायचाय.

दुसऱ्या सकाळी संगमेश्वर लाडात आला. "मामी, मामाची सुई टळली. आज तरी चमचाभर साखर?"

"टळलेली सुई तशीच पडून हाय दवाखान्यात," केवळाबाई म्हणाल्या. "तुझ्या नावानं मागवू का?"

संगमेश्वरानं गपगुमान कप तोंडाला लावला.