भिंतीवरची झाकलेली बटणे

वायरमन आंतोनने मला फसवले, असे मी आगाशीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत असे. घरभर फोनवर चालणारे दिवे बसवले, पण भिंतीवरचे बटण बंद झाले की हे दिवे आंधळे होतात, मग फोनवर कितीही बोट आपटा, हे त्याने आधी सांगितले नाही, ही माझी तक्रार.

वालीवच्या माझ्या छोट्या कारखान्यात सातच्या सुमारास तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास दाटून येतो. त्या वासात उभा राहून मी फोनवर बोट टेकवायचो आणि दूर आमच्या वाडीतले घर पिवळसर उजेडाने भरून जायचे. पोटाला चिमटे घेत बांधलेले घर आता माझ्या एका बोटाचे ऐकते, याचे सुख मी कुणाला सांगितले नव्हते. पण खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचे, ही आईची जन्माची सवय. तिने बटण दाबले की माझ्या फोनवर दिवा सापडत नसे. एक दिवस संतापून मी आंतोनला बोलावले आणि सगळे बोर्ड कोऱ्या पट्ट्यांनी झाकून घेतले.

तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, आईसाठी भिंतीला चिकटवायचं सेलवरचं एक बटण लावू या. फोन लागत नाही त्याला."

"तुझा माल खपवायची जागा माझं घर नाही," मी म्हणालो. घासाघीस करून ते बटण मी यादीतून उडवले. बाजारात सांगताना एवढा भाग मी गाळत असे.

ऑक्टोबर हा आम्हा ख्रिस्ती लोकांत जपमाळेचा महिना. मारियेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी जाते आणि सारी आळी तिथे जमते. त्या दिवशी आमची पाळी होती. पाऊस ओसरला होता, केळींच्या बागांतून ओलसर ऊब उठत होती. आणि मी वालीवला एका गिऱ्हाइकाशी भावावरून हमरीतुमरीवर आलो होतो. आईने तिच्या साध्या फोनवरून तीनदा केलेले फोन मी तीनदा कापले, आणि घरचे दिवे लावायचे राहूनच गेले.

घरी पोचलो तेव्हा उजळलेल्या आळीत आमचे एकटेच घर काळोखात होते. मूर्तीपुढे दोन मेणबत्त्या, बायकांच्या मांडीवर फोनचे टॉर्च, आणि त्या फिकट उजेडात आईचे लुगडे तेवढे दिसत होते. दोन प्रार्थनांच्या मधल्या विसाव्यात शेजारची फिलुमावशी म्हणाली, "काय गं रोझी, सगळ्या आळीत तुझीच तेवढी लाईट गेली?" बायका हसल्या.

"तार तुटलीय कुठंतरी," आई म्हणाली. "आमचा पास्कू मघापासून लाईटवाल्यांना फोन करून करून थकला."

मी दारात उभा होतो. फोन हातात होता. एका स्पर्शाने घर लख्ख झाले असते, आणि त्याच उजेडात आई खोटी ठरली असती. मी फोन खिशात ठेवला. उरलेली जपमाळ आम्ही सर्वांनी अंधारात पुरी केली.

बायका गेल्यावर आई स्वयंपाकघराकडे वळली. "हातपाय धू, वाढते," एवढेच म्हणाली. मी पेचकस काढून बोर्डांवरच्या पट्ट्या उचकटल्या. बटणे होती तिथेच होती, धुळीने माखलेली.

आज शनिवार. आई चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदन करायच्या रांगेत आहे. मूर्तीसमोर खोटे बोलले, असे ती आत सांगेल. कुणासाठी, ते सांगणार नाही. मी तिला ओळखतो. उघड्या दारातून मेणाचा वास बाहेर येतो आहे, रांग एकेका माणसाने पुढे सरकते आहे, आणि आयुष्यभर समोरच्याकडून जाब मागत आलेल्या मला आत पाऊल टाकवत नाही. फादर, तिला प्रायश्चित्त देऊ नका. तिचा मुलगा बाहेर उभा आहे. त्याला बोलवा आणि विचारा.