हवेतला जिना

जिना काढायचा झाला की आमच्या ऑफिसातले काका खुर्ची मागे सारून उठत, टेबलाखालच्या चपला पायात घालत आणि हवेत चढायला लागत.

तुम्ही कधी एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात गेला असाल तर तिथली शांतता तुम्हाला ठाऊक असेल. माणसं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली, माउसची टकटक, कूलरची घरघर. त्या शांततेत साठीला टेकलेला, किरकोळ अंगाचा एक माणूस दोन टेबलांमधल्या बोळीत उभा राहून गुडघे उचलतो आहे, एक, दोन, तीन, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. दहा पायऱ्या झाल्या की ते थांबत. एक हात कमरेवर. "थांबा गा, लँडिंग आलं." मग वळून उरलेल्या पायऱ्या चढत आणि वर पोचत. वर म्हणजे कोपऱ्यातल्या माठापाशी. तिथं गिलासभर पाणी पिऊन ते जागेवर येत आणि स्क्रीनवरच्या पायरीची उंची पाव इंचानं कमी करत.

"स्क्रीनवर कोणालेच दम लागत नाही," ते म्हणत. "म्हणून कोणीतरी चढून पाहाले पायजे."

चढताना ते कायम एका कडेनं चढत. भिंत नाही, कठडा नाही, सगळी बोळ मोकळी, तरी हे आपले टेबलांना चिकटून. मी नवीन होते, मला राहवलं नाही. "काका, कडेनं काहून चढता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "वरून कोणी उतरत असन त?"

आमचं ऑफिस नागपूरला जरीपटक्यात, कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून तिथं ड्राफ्टिंगला लागले, तेव्हा रोज मौद्याहून एसटीनं येत-जात होते. आर्किटेक्ट सरांनी सहा महिने बघतो म्हटलं होतं. घरी बाबांनीही सहा महिनेच म्हटलं होतं. नाही जमलं तर आत्यानं आणलेलं स्थळ तयार होतं, मुलगा चांगला होता, मला फक्त लग्न नको होतं. म्हणजे माझे दोन्हीकडचे सहा महिने एकाच नोकरीवर टांगलेले. चूक करायला मला जागाच नव्हती.

काका मूळचे उमरेडचे, घरी हातमाग. त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर शाईच्या पेनानं काम करायला सुरुवात केली तेव्हा आम्ही जन्मलोही नव्हतो. चुकलेली रेघ ते ब्लेडनं ट्रेसिंग पेपरवरून खरवडून काढत. चाळिशी उलटल्यावर संगणकावरचं कॅड शिकले, आणि शिकले ते असे की डावा हात कीबोर्डवर धावायचा आणि स्क्रीनवरच्या कमांडच्या चित्रांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. कुठलीही कमांड द्यायच्या आधी, अर्धवट राहिलेलं रद्द व्हावं म्हणून, एस्केपचं बटण दोनदा. सरांनी हाक मारली तरी आधी एस्केप दोनदा, मग "हो सर". अर्धं ब्लेड मात्र कागदात गुंडाळून अजून शर्टाच्या खिशात असायचं. "असू दे," म्हणायचे. "आता खरवडाचं काही नाही, पण खोडणं सोपं नोहे हे ध्यानात राहते."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. कॅडमध्ये दोन रेषांमधलं अंतर संगणक स्वतः मोजतो आणि आकडा लिहितो. पण त्या आकड्यावर क्लिक करून तो पुसता येतो आणि आपल्याला हवा तो आकडा टाईप करता येतो. रेषा जिथल्या तिथं राहते, आकडा तेवढा बदलतो. काका म्हणाले, "ते करू नको पोरी. रेघ दुरुस्त कर, आकडा आपोआप खरा होते. मिस्त्री रेघ नाही पाहत, आकडा वाचते." मी हो म्हटलं. नवीन माणूस सगळ्याला हो म्हणतो.

आता माझी करणी सांगते. एक दिवस काका जिना चढत होते आणि मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. वाटलं, किती गंमत आहे. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मग काय, दिवसभर हसण्याचे पिवळे चेहरे. कोणी विचारलं, "काका, कोणत्या मजल्यावर राहता?" कोणी म्हणालं, "काका, लिफ्ट लावून देऊ का?" काकाही हसले. मला म्हणाले, "मी एवढा वाकडा चालतो काय वं?" मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. पण त्यानंतर ते उठलेले मी पाहिले नाहीत. जिने येत होते, काका बसल्या बसल्याच तपासत होते.

त्याच सुमारास माझ्याकडे हुडकेश्वरचं एक घर आलं. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आणि त्यांची बायको. नकाशा दाखवायला बोलावलं तेव्हा कंडक्टरसाहेब पार्किंग, बोअरवेल, गेट यांवर तासभर बोलले. काकूंनी शेवटी एकच मागितलं. "पायऱ्या सहा इंचाच्या वर नको वं बाई. माह्ये गुडघे गेले. पण गच्चीवर गेल्याशिवाय मले गमत नाही."

मी सहा इंचाच्या वीस पायऱ्या काढल्या. मजल्याची उंची दहा फूट, हिशोब चोख. मग बीमसाठी सरांनी उंची सहा इंचांनी वाढवायला सांगितली. म्हणजे आणखी एक पायरी हवी, ती बसवायला लँडिंग सरकवायचं, खालची सुरुवात बदलायची. पावणेसहा वाजले होते, सव्वासहाची एसटी होती आणि ड्रॉइंग आजच जायचं होतं. मी अख्खा जिना थोडा ताणून वरपर्यंत पोचवला. पायरी सहा इंच आणि वर थोडी दिसायला लागली. मी त्या आकड्यावर क्लिक केलं आणि सहा टाईप केलं.

प्रिंट काकांपुढे ठेवली. ते आकडे पाहत गेले. जिन्यापाशी बोट थांबलं. ते खुर्चीतून अर्धे उठले. मग आम्हा सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि परत बसले. "चांगलं आहे," म्हणाले, आणि तपासणाऱ्याच्या चौकटीत आपली आद्याक्षरं घातली. ते अर्धं उठणं मला आजही दिसतं.

दोनेक महिन्यांनी मिस्त्रीचा फोन आला. जिन्याचं सेंट्रिंग लागलं होतं, फळ्या ठोकून तयार होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होतं. आणि सहा-सहा इंच मोजत गेल्यावर शेवटची पायरी एक फुटाची उरत होती. मी टाईप केलेल्या सहाचा हा हिशोब होता. काकांनी फोन ठेवला, एस्केप दोनदा मारला आणि म्हणाले, "चाल."

त्यांच्या स्कूटरवर आम्ही जरीपटक्याहून हुडकेश्वरला निघालो, म्हणजे नागपूरच्या या टोकाहून त्या टोकाला. एका सिग्नलवर काकांनी मान वळवून विचारलं, "किती पायऱ्या?"

"वीस."

"उंची?"

"साडेदहा फूट."

पुढच्या सिग्नलला म्हणाले, "एकवीस पायजे होत्या." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

साइटवर काकू कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. भाड्याचं घर जवळच होतं, रोज येऊन बसत. मिस्त्रीनं तोडगा काढूनच ठेवला होता. "काका, टेन्शन नका घेऊ. वरच्या दोन पायऱ्या नऊ-नऊ इंचाच्या मारून देतो. एवढं कोण पाहते?"

"नऊ म्हणजे केवढी गा?" काकूंनी विचारलं.

काका तिथल्या विटा उचलून रचायला लागले. साधारण तीन इंचाची एक वीट. दोन विटांची पायरी, चारची, सहाची, आणि शेवटी नऊ विटांची. चांगल्या रुंद रचल्या, पायानं दाबून पाहिल्या. मग मला म्हणाले, "काकूकडे पाहत चढ. खाली पाहाचं नाही."

मी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहत चढले. एक, दोन, तीन, आणि चौथीला पाऊल विटेवर आपटून मी पुढं झोकांडले. काकांनी दंड धरला. मग त्यांनी मिस्त्रीला चढायला लावलं. तो हसत हसत चढला. त्याला चौथी उंच आहे हे माहीत होतं, तरी तोही अडखळलाच.

"पायाले पाठ होते," काका म्हणाले. "माहा बाप मागावर बसून आमच्याशी गोष्टी करे, पाहे खिडकीबाहेर, पाय आपले खाली चालून राहायचे. सांगाच लागत नव्हतं. जिन्यावरही तसंच. तीन पायऱ्यांत पाय शिकून घेते अन् मंग त्याच्याच भरवशावर चढते. अठरा पायऱ्या खरं सांगाचं अन् एकोणिसावीले धोका द्याचा, हे नाही चालत, बावा."

काकूंनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. "मी तं पडलीच असती," त्या म्हणाल्या, अगदी हळू, कोणाला दोष न देता. मी खाली मान घालून उभी राहिले. माझ्या एसटीसाठी मी या बाईला पाडायला निघाले होते.

मिस्त्रीनं विटांकडे पाहिलं, सेंट्रिंगकडे पाहिलं. "खोलतो काका," म्हणाला.

काकांनी तिथंच प्लायवर पेन्सिलीनं जिना नव्यानं काढला. लँडिंग सहा इंच वर, पहिली पायरी दहा इंच पुढं हॉलमध्ये. एकवीस. काँक्रीट दोन दिवस पुढं गेलं.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर उभे राहिले. "हुडकेश्वरचा जिना कोणी काढला?"

मी उठणार होते. खरंच उठणार होते. पण खुर्चीतच राहिले. सहा महिने भरायला तीन आठवडे राहिले होते.

"चेकमध्ये माझी अक्षरं आहेत, सर," काका म्हणाले. "मी चढून नाही पाहिलं."

ते का चढले नाहीत हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त मला.

चार वाजेपर्यंत मी एक रेषही काढली नाही. मग सरांच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. आकडा मी टाईप केला, व्हिडिओ मी काढला, काकांचं काही चुकलं नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका काल साइटवरून आल्याबरोबर सांगून गेले मला. म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत ती स्वतः येईल. मी म्हटलं, नाही आली तर? तर म्हणाले, मग तुम्ही पाहा." सर जरा हसले. "जा. आणि आकडे टाईप करू नकोस."

बाहेर आले तर काका स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले. डोळे पुसत मी माझ्या खुर्चीवर बसले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सेव्ह मारलं काय वं?" एवढंच विचारलं.

"काका, तो व्हिडिओ मी काढून टाकते."

"काहून? राहू दे. बायकोले दाखवला त तिले लय आवडला."

मग मी नवा जिना उघडला. "एकवीस झाल्या. चढून बघता?"

"तू चढ."

मी उठले. सगळं ऑफिस पाहत होतं. लाजेनं कान गरम झाले होते, पण चढले, एक, दोन, तीन. दहाव्या पायरीनंतर मागून आवाज आला, "थांब. लँडिंग."

माझे सहा महिने पूर्ण झाले. आत्याचं स्थळ दुसरीकडे गेलं, मी मौद्याहून येतच राहिले. हुडकेश्वरच्या वास्तूला काका आणि मी दोघं गेलो होतो. काकू आमच्यापुढं जिना चढल्या, एका हातात प्रसादाचं ताट, मान मागं वळवून आमच्याशी बोलणं चालू. खाली त्यांनी एकदाही पाहिलं नाही. काकांनी माझ्याकडे बघून काकूंच्या पायांकडे बोट दाखवलं.

दोन वर्षांनी काका उमरेडला परत गेले आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "फोटो लय आहेत बाई. चालतानाचं काही नाही. तो जिन्याचा आहे काय तुह्याकडे?" होता. मी तिथंच बसून पाठवला. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा हसल्या. नोकरी, माझ्या पायावर उभं राहणं, चूक कबूल करायची हिंमत, यातलं किती मला काकांकडून मिळालं हे मला त्यांना सांगायचं होतं. ते कधी सांगितलंच नाही. मग मी त्यांच्या पत्नीला सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याईले माहीत होतं."

आमच्या ऑफिसची कोरी शीट, म्हणजे प्रत्येक नव्या ड्रॉइंगचा साचा, अजून काकांनी उमरेडला जायच्या आधी बनवलेलीच आहे. नवीन ड्रॉइंग उघडलं की तपासणाऱ्याच्या चौकटीत त्यांची आद्याक्षरं आधीच येतात. ती खोडून आता माझी घालावी लागतात. जिना असला तर खोडण्याआधी मी खुर्ची मागं सारते, चपला घालते आणि बोळीत उभी राहते. नवीन मुली गालात हसतात, एखादीचा मोबाइलही वर येतो. येऊ देते.

दहा पायऱ्या झाल्या की थांबते. लँडिंगवर जरा कडेला सरकून उभी राहते. वरून कोणी उतरत असेल तर.