कापड्याच्या दहा जणी आणि पेरूच्या पानांचे पाणी

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, महाडच्या आमच्या स्वयंपाकघरात, मुलीच्या प्रकल्पाच्या खर्चाचा चौदाशे साठ रुपयांचा अंदाज ठरला. हजर चौघे: मी, पत्नी, बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची मुलगी आणि कापडे गावाहून आलेल्या माझ्या थोरल्या वहिनी. मुलीला प्रकल्पासाठी झाडपाल्याचा माउथवॉश करून दहा माणसांवर चौदा दिवस तपासायचा होता. कॉलेजची परवानगी होती, पण दहातला एक जरी गळला तर प्रकल्प धरला जाणार नव्हता, आणि मग वर्ष वाया.

"माझ्यासकट दहा बायका मी देते," वहिनी म्हणाल्या. "पैसं काय देशील गो?"

"आठवड्याला पन्नास. पण काकी, तेवढे दिवस मिसरी बंद."

वहिनींचा हात कमरेच्या डबीकडे गेला. जळक्या तंबाखूची ती पूड दाताला लावल्याशिवाय त्यांनी गेल्या तीस वर्षांत चहा घेतलेला नाही. बराच विचार करून म्हणाल्या, "तुझं लगीन असतं तरी सोडली नसती. परीक्षा हाय म्हणून सोडते."

पेरूची कोवळी पाने आणि बकुळीची साल वहिनींच्या परसातली. चार भांडी पाणी एक भांडे होईपर्यंत आटवायचे, दोनदा फडक्यातून गाळायचे, मग लवंग आणि मीठ. पहिल्या खेपेला मुलगी फोनवर बोलत राहिली आणि पातेल्यात डांबर उरले. पत्नी म्हणाली, "याने दात नाही, रस्ता होईल. घाटातल्या खड्ड्यांना द्या." दुसरी खेप जमली. मी चूळ भरून पाहिली. तोंड तुरट झाले, पण अर्धा तास स्वच्छ वाटत होते.

पाच जणींना हे पाणी आणि पाच जणींना चहाने रंगवलेले मिठाचे पाणी द्यायचे होते. कोणत्या बाटलीत काय, ते फक्त तिच्या कॉलेजच्या मॅडमना माहीत. पोलादपूरचे एक दातांचे डॉक्टर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी हिरड्या पाहणार होते. सूचनांचा कागद मी लिहिला, कारण घरात अक्षर माझे बरे आणि मोजमाप माझ्याकडे. 'सकाळी व रात्री एक टोपण, म्हणजे वीस मिली, तोंडात घ्यावे. तीस अंक मोजावेत. पुढे अर्धा तास काही खाऊ नये.' मी तो तीनदा वाचून पाहिला होता.

आठव्या दिवशी नव्या बाटल्या घेऊन आम्ही बापलेक कापड्याला गेलो. तीनशे मिलीच्या प्रत्येक जुन्या बाटलीत बरोबर वीस मिली शिल्लक. मला फार समाधान वाटले. ओटीवर दहाही जणी जमल्या होत्या.

"भावजी, औषध गुणाचं हाय," वहिनी म्हणाल्या. "पोट कसं साफ!"

मुलीने विचारले, "पोट?"

"मग! तीस मोजायचं नि गिळायचं."

"काकी, गिळलंत? थुंकायचं होतं!"

"थुंकायचं? काढा कोण थुंकतं गो? कोरोनात एवढा पाजलात, तवा कोण थुंकलं?"

"आणि कागदावर कुठं लिवलंय?" शेजारणीने कागद माझ्यापुढे धरला. खरेच, थुंकण्याचा शब्द कुठेच नव्हता. विचारत गेलो तर दहांपैकी सात जणींनी गिळले होते.

मुलीने मॅडमना फोन लावला. अपाय होण्यासारखे त्यात काही नव्हते, पण हा आठवडा धरता येणार नव्हता. पहिल्यापासून चौदा दिवस केले तर प्रकल्प द्यायच्या तारखेआधी दोन दिवस उरत होते. मुलगी पायरीवर बसून राहिली. मी म्हणालो, "चूक माझी आहे. तसेच लिही."

"लिहिते हो. पण चौदा दिवस अजून मिसरीशिवाय राहणार कोण?"

दहांतली एक म्हातारी उठून घरी जायला निघाली.

"बस खाली," वहिनी तिच्यावर ओरडल्या. "आठ दिस राहिलीस, मेलीस काय? भावजींना लिवता येत नाय, त्यात पोरीचा काय गुन्हा?" त्यांनी कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली. "ही महाडला न्या. हितं राहिली तर माझाच भरवसा नाय."

म्हातारी बसली. नव्या कागदावर मी 'थुंकावे' तीन ठिकाणी लिहिले.

दहाही जणींनी चौदा दिवस पुरे केले. आमच्या पाण्याच्या पाचांपैकी चौघींच्या हिरड्यांतून येणारे रक्त कमी झाले आणि मिठाच्या पाण्याच्या पाचांपैकी तिघींचे. फरक एका बाईचा. डॉक्टर हसून म्हणाले, "निम्मा गुण मिसरी सोडल्याचा असेल." मुलीने तेही लिहिले आणि वाया गेलेल्या आठवड्याचे एक पूर्ण पान लिहिले. परीक्षकांनी त्याच पानावर सर्वांत जास्त प्रश्न विचारले आणि प्रकल्प मान्य केला.

निकाल सांगायला कापड्याला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "प्यालेल्या आठवड्याचं काय? काम तर केलं."

त्यांचे बरोबर होते. ठरलेले एक हजार आणि वाया गेलेल्या आठवड्याचे पाचशे, असे पंधराशे रुपये मी सगळ्यांसमोर वहिनींच्या हातात दिले. दीडशेप्रमाणे त्यांनी तिथेच वाटले.