सांगावा ऐकल्यावर

रविवार, सकाळ. इंझोरीहून कारंज्याला निघालेल्या जीपमध्ये चालक, मी, एक बाई, तिच्या मांडीवर डोकं टेकलेला आजारी नवरा आणि तिचा दीर. बाईच्या पिशवीतून बायबल डोकावत होतं.

"वैनी, पास्टरनं देवाचा सांगावा सांगतला, दादा वाचत नाही. मंग दवाखान्यात कायले नेऊन राह्यल्या?" दीर म्हणाला.

"बायबलातल्या राजालेबी देवानं असंच सांगतलं होतं, भाऊजी. तो भितीकडे तोंड करून रडला. सांगावा आननारा आंगनातून भायेर पडला नव्हता, तं देवानं त्याले माघारी धाडलं, पंधरा वर्सं दिली. वरून अंजिराचा लेपबी लावला."

"अन् आपल्याले नाही देल्ली तं?"

"तं मी मुकाट बसली असं कोनी म्हननार नाही. नेऊनच टाकाचं असतं, तं देवानं आगोदर सांगतलंच कायले?"

बोलता बोलता तिनं नवऱ्याचं घसरलेलं डोकं पुन्हा नीट मांडीवर घेतलं.

कारंज्याला दवाखान्यापाशी उतरताना ती मला म्हणाली, "ताई, तुमीबी तुमच्या देवाशी भांडजा याच्यासाठी."

मी हो म्हणाले. बाजाराची सगळी कामं दुपारपर्यंत उरकली. तेव्हापासून रोज दिवा लावते, हात जोडते. भांडायचं मात्र अजून राहिलंय.