हावडा पुलावरची उकड

मला बघायला आलेल्या बाईंच्या तोंडावर मी हावडा पुलावर डिझेल उडवलं, तेव्हा आमचा नमस्कारही धड झाला नव्हता.

सुरुवात बाबांनी केली. आमचं बिऱ्हाड कलकत्त्याचं, पोट तागाच्या गाठींवर, आणि त्या गाठी बजबजच्या गिरण्यांतून वाहायला बाबांचा एक म्हातारा डिझेल ट्रक. नागपूरच्या पाहुण्यांना त्यांनी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, "घरची गाडी स्टेशनवर येईल." घरची गाडी चढ लागला की धापा टाकून बंद पडायची! इंजिनाला डिझेल पुरत नाही, एवढं निदान झालं होतं. ते नेमकं कधी कमी पडतं हे कळावं म्हणून बाबांनी मल्लिकबाजारातून एक जुनं प्रेशर गेज आणलं. फिल्टरपासून तांब्याची बारीक नळी काढून गेज आत, बसणाऱ्याच्या समोर बसवायचं, आणि काटा पडला की समजायचं, आता ही रुसणार.

पण पाहुणे यायचे नेमके विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी कलकत्त्यात यंत्राला हार घालतात, पाना लावत नाहीत. आमचा मिस्त्री गच्चीवर पतंग उडवत होता. (ड्रायव्हरनं तर स्टिअरिंगला नमस्कार करून सुट्टीच टाकली.)

"आपण हत्यारं दसऱ्याला पुजतो," बाबा म्हणाले. "आज आपल्याला मोकळीक आहे. सुमे, पाना घे."

मी फिजिक्सची बी.एस्सी. दाबाची व्याख्या तोंडपाठ, म्हणून गेजही बसवता येईल असा माझा समज. शिवाय फोटोतला नवरामुलगा, माधव, मला भारी आवडला होता. पहिल्याच भेटीत त्याला ट्रक ढकलायला लावला तर तो तसाच ढकलत नागपूरला जाईल, या धास्तीनं मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. सगळं झकास बसलं. फक्त गेजमागचा सांधा ठिबकत होता. त्याला सफेद्याचा घट्ट लेप फासून सुतळी गुंडाळतात. सफेद्याची दुकानं बंद.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पाहुण्यांसाठी मोदकांची उकड मळत होती.

"आई, तुझी उकड फुटते का गं?"

"माझा मोदक आजवर फुटलेला नाही," आई फुशारकीनं म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "अगं, गोळा कुठे नेतेस? भवाने!"

उकड थापली, वर चिंधी आवळली. ठिबक बंद! बाबांनी माझी पाठ थोपटली आणि ते स्टिअरिंगवर बसले. काटा बघायला मी शेजारी.

"बघायची मुलगी स्टेशनवर?" आई दारातून ओरडली. "जनाची नाही तर मनाची तरी!"

"ती काट्याकडे बघेल, पाहुणे तिच्याकडे बघतील," बाबा म्हणाले. "एका फेरीत दोन कामं."

हावड्याला माधवच्या आई मोतिया रंगाचं लुगडं सावरत उतरल्या आणि घरच्या गाडीकडे बघत राहिल्या. पण बाई धीराची. बाबांनी आणि माधवनं धरून त्यांना वर चढवलं, माझ्या शेजारी, बरोबर गेजसमोर. माधव ट्रंकेसह मागच्या हौद्यात.

पुलावर ट्रामच्या मागे अडकलो. बाबांनी जोर दिला.

"काटा?"

"चढतोय, बाबा!"

"शाब्बास! आणि आता?"

"अजून चढतोय!"

आम्ही दोघं आनंदानं इतके चेकाळलो की पाहुण्याबाईही कौतुकानं वाकून बघायला लागल्या. तेवढ्यात आईचा मोदक आयुष्यात पहिल्यांदा फुटला. पिचकारी थेट त्यांच्या चेहऱ्यावर! काटा धाडकन खाली, इंजिन गप्प, आणि मागे अर्ध्या हावड्याचे भोंगे.

संपलं माझं लग्न, असं म्हणत मी खाली उडी मारली. नळी काढली, फिल्टरला जुनं बूच बसवलं. आता आत शिरलेली हवा काढायची होती. माधव शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्हाला गाणं येतं का, हे विचारायचं होतं," तो म्हणाला.

"येतं. आधी हा पंप मारा."

तो मुकाट्यानं पंप मारत राहिला. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. वर त्याच्या आई गालावरचा पांढरा गोळा बोटांत चोळत होत्या.

"ही उकड आहे?" त्यांनी विचारलं. "काय मऊसूत मळली आहे. कुणी?"

"मुलीनं!" बाबा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

घरी पोचेपर्यंत होकार आला होता. आईनं मोदक वाढता वाढता माझी स्तुती ऐकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा मोदक मागितलाच नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला माझी परीक्षा झाली. माझे मोदक उकडायला ठेवलेल्या पातेल्याचं झाकण काढलं तर आत खोबऱ्याची खीर.

"मला पुलावरच कळलं होतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझ्या नखांत काळं ग्रीस, आणि उकड दुधासारखी पांढरी."

"मग हो का म्हणालात?"

"मोदक मला येतात गं. बिघडलेलं काही दुरुस्त करणारं मात्र आमच्याकडे कुणी नव्हतं."

तेव्हापासून मोदक त्या करतात आणि घरातली दुरुस्ती माझ्याकडे. फक्त स्टोव्ह गळायला लागला आणि मी पाना घेऊन आले, की त्या आधी उकडीचं पातेलं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवतात.