नटवी आणि शौकीन

नेकनूरच्या स्टँडसमोरच्या कापड दुकानदाराने माझ्या पंजाबी ड्रेसचं कापड विकलं, आणि त्यानेच मला नटवी म्हटलं. इतकी वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही.

आम्ही मेंढरं राखणारे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नव्वदीनंतर गावात केबल आली आणि त्याच्या दुकानाच्या दारात साड्यांच्या जागी ड्रेस लटकू लागले. "घ्या बाई, लेटेस्ट हाय. बीडच्या समद्या पोरी हेच घालतेत," म्हणत त्याने तो निळा पीस आईच्या गळ्यात मारला. माझा तो एकच ड्रेस. संध्याकाळी धुवायचा, सकाळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडाने इस्त्री करायची आणि बीडची बस धरायची.

म्हणून मी नटवी! नवरी नटते, पोळ्याला बैल नटतो, तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. दुकानदाराचा पोरगा दहावीला दोनदा आपटलेला. गॉगल लावून, अत्तर मारून स्टँडवर मोटारसायकल फिरवायचा. त्याला बाप काय म्हणायचा? "आमचं पोरगं लई शौकीन हाय." निजामाच्या काळातला तो ऐटबाज शब्द बाप्यांसाठी राखीव. आमच्या वाट्याला थुंकल्यासारखा नटवी.

एक दिवस त्याने माझ्या वडिलांना गाठलं. "पोरगी लई नटवी झालीय. कामून शिकवतो रं? हातची जाईल." वडील घरात शिरले तेच त्याचं बोलणं सांगत आणि "उद्यापासून कॉलेज बंद" म्हणत. बी.ए.ची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली.

मी त्यांना तशीच दुकानावर घेऊन गेले. दारातल्या बाहुलीच्या अंगावर माझ्यासारखाच निळा ड्रेस होता.

"काका, हिला काय म्हणता? नटवी?"

"ती शोची बाहुली हाय, बाई."

"मग आईला इकताना कामून न्हाई सांगितलं, हे नटव्या घालतेत म्हणून?"

गिऱ्हाईकं हसली. त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, जिंकले.

रस्त्यावर आल्यावर वडील म्हणाले, "जा कॉलेजला. पण हे घालू नको. साडी नेस."

"बरं, आबा."

साडी नेसून परीक्षा दिली, पास झाले. घरातली पहिली पदवी माझी आहे आणि त्याचा मला गर्व आहे. पण ते "बरं" अजून सलतं. दुकानदाराला तोंडावर सुनावलं, आणि बापासमोर मीच कबूल करून बसले की ड्रेस घालते ती नटवीच.